खाडी उथळ आहे, मग बोगदा इतका अवघड का?

प्रश्न असा आहे: मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा बोगदा ठाण्याच्या खाडीखालून सुमारे 7 किलोमीटर जातो. ओहोटीला तर तिथे नुसता चिखल दिसतो, पाणी फार खोल नाही. मग मेट्रोच्या बोगद्यापेक्षा यात वेगळं काय? आणि जपान, इंग्लंड-फ्रान्सच्या समुद्राखालच्या बोगद्यांना एवढी वर्षं आणि एवढा पैसा का लागला?

पाण्याच्या खोलीवर फक्त दाब ठरतो आणि दाबाचं गणित सोपं आहे: दर 10 मीटर पाण्याला साधारण 1 बार, म्हणजे हवेच्या दाबाइतका दाब. खरी डोकेदुखी ही की हे पाणी संपत नाही. डोंगरातल्या बोगद्यात पाण्याचा साठा लागला तर आधी जोरात फवारा येतो, पण काही दिवसांत किंवा आठवड्यांत दाब उतरतो, कारण डोंगरातलं पाणी मोजकं असतं. समुद्राखाली एखादी भेग वरपर्यंत पोचलेली असेल तर दाब उतरतच नाही. उलट वाहतं पाणी भेगेतली माती धुऊन नेतं, भेग रुंद होते आणि पाणी वाढत जातं. त्यात उताराची भर. डोंगरातला बोगदा बाहेरच्या दिशेला उतार देऊन खणला की पाणी आपोआप वाहून जातं. समुद्राखाली मात्र दोन्ही काठांवरून उतरत उतरतच आत जावं लागतं, त्यामुळे आलेलं प्रत्येक लिटर थेट काम चाललेल्या तोंडाशी साचतं आणि पंपाने वर चढवावं लागतं. वीज गेली, पंप बंद पडला, की माणसं आणि यंत्रं दोन्ही सखल टोकाला.

आता बोगदा किती खोल न्यायचा हे पाहू. मुंबईतलं वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) ते शिळफाटा हा एकूण 21 किलोमीटरचा बोगदा. त्यातला 16 किलोमीटर टीबीएमने (बोगदा खणणाऱ्या यंत्राने) आणि शिळफाट्याकडचा 5 किलोमीटर एनएटीएम पद्धतीने, म्हणजे सुरुंग लावून, शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट) आणि रॉकबोल्टचा (कातळात बसवलेल्या सळयांचा) आधार देत. जाणारा आणि येणारा असे दोन्ही ट्रॅक एकाच नळीत, त्यामुळे कटरहेडचा, म्हणजे टीबीएमच्या पुढच्या फिरत्या कापणाऱ्या चाकाचा, व्यास तब्बल 13.6 मीटर. खोली बहुतेक ठिकाणी 25 ते 57 मीटर.

एवढी खोली कशाला? पोकळ नळी पाण्याने भरलेल्या जमिनीत वर उचलली जाते, हे पहिलं कारण. रिंगचा, म्हणजे बोगद्याच्या अस्तराच्या काँक्रीट कड्याचा, बाहेरचा व्यास ढोबळ 13 मीटर आणि जाडी अर्धा मीटर धरा. दर मीटर लांबीला ती खाऱ्या पाण्याचं सुमारे 136 टन वजन बाजूला सारते. काँक्रीटचं स्वतःचं वजन दर मीटरला 49 टन. उरलेले 87 टन दाबून ठेवायला डोक्यावर काहीतरी हवं. पाण्यात बुडालेल्या मऊ गाळाचं उपयोगी वजन घनमीटरला जेमतेम 1 टन, तेही सैल गाळात त्याहून कमी. म्हणजे नुसता तोल साधायलाच पावणेसात मीटर गाळ लागतो, सुरक्षेची मोजणी त्यानंतर. म्हणूनच डोक्यावर निदान एका व्यासाइतकं कव्हर ठेवायचा ढोबळ नियम आहे आणि शक्य तितका बोगदा गाळाखालच्या कातळात न्यायचा प्रयत्न असतो.

मग अजून खोल का जाऊ नये? कारण रेल्वे फार चढ चढत नाही. रस्त्याच्या बोगद्याला 4-5 टक्के उतार चालतो, वेगवान रेल्वेला तो सहसा परवडत नाही. जपानच्या सेइकान बोगद्याचं उदाहरण घ्या. होन्शू आणि होक्काइडो या बेटांमधल्या त्सुगारू सामुद्रधुनीत मार्गावर पाणी 140 मीटर खोल, त्याखाली 100 मीटर कातळ राखला, म्हणजे रूळ समुद्रसपाटीच्या 240 मीटर खाली. उताराची मर्यादा हजाराला 12. 240 मीटर उतरायला एका बाजूने 20 किलोमीटर लागतात, दोन्ही बाजूंनी 40. म्हणून समुद्राखालचा भाग 23.3 किलोमीटर असूनही बोगदा 53.85 किलोमीटर लांब झाला. प्रत्येक जादा मीटर खोलीची किंमत दोन्ही टोकांना मिळून 160-170 मीटर बोगद्याने मोजायची.

पूल किंवा तळावर ठेवायच्या नळ्या का नाहीत, असंही विचारलं जातं. इस्तंबूलच्या मार्मरायमध्ये बॉस्फरसच्या तळाशी खंदक खणून 11 तयार नळ्या ठेवल्या आहेत, डेन्मार्क-जर्मनीमधल्या फेमार्नबेल्टलाही तीच पद्धत. पण त्यासाठी तळ उकरावा लागतो. ठाणे खाडी हे फ्लेमिंगो अभयारण्य, काठाला खारफुटी, आणि बीकेसीचं स्टेशन मुळात जमिनीखाली आहे. तिथून पुलावर चढायचं तर भर वस्तीतून वर यावं लागलं असतं.

भूगर्भाची माहिती मिळवणं हा यातला सगळ्यात कमी चर्चेतला आणि सगळ्यात महागात पडणारा भाग. जमिनीवर हवं तिथे बोअर घेता येतो. पाण्यात त्यासाठी बार्ज किंवा जॅक-अप प्लॅटफॉर्म लागतो, प्रवाह आणि भरती सांभाळावी लागते, आणि घेतलेलं प्रत्येक बोअर नंतर नीट ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) बुजवावं लागतं. न बुजवलेलं बोअर म्हणजे समुद्रापासून तुमच्या बोगद्यापर्यंत तयार पाइप. दोन बोअरमधली जागा भूकंपलहरींच्या सर्वेक्षणाने भरून काढतात. ठाणे खाडीतही ते केलं आहे. त्यातून कठीण आणि मऊ थर कळतात, पण अरुंद भेगा निसटतात. खाड्या आणि सामुद्रधुन्या बऱ्याचदा तिथेच तयार होतात जिथे खडक मुळात मोडका असतो, म्हणून मधला पट्टा काठांपेक्षा वाईट असेल हे धरूनच चालावं.

मुंबई-ठाण्याचा खडक दख्खनचा बेसॉल्ट. ‘काळा कातळ, म्हणजे काम सोपं’ असं ऐकायला मिळतं, ते अर्धंच खरं. ताज्या, एकसंध बेसॉल्टची दाब सोसण्याची ताकद बहुतेक वेळा 100 मेगापास्कलच्या वर जाते. बोगद्याच्या रिंगा एम70 (70 मेगापास्कलच्या) काँक्रीटच्या आहेत, म्हणजे कातळ त्यांच्याहून कणखर. त्यात बोगदा उभा राहतो छान, पण कटर झिजतात. शिवाय लाव्हा थरांथरांनी आला आहे. दोन थरांच्या मध्ये रेड बोल नावाचे लाल मातीचे पट्टे असतात, पाणी लागलं की मऊ पडणारे. मुंबई भागात ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला टफ आणि दगडांच्या तुकड्यांपासून झालेला ब्रेशिया असतो. तो कुजलेला असेल तर चिकट चिखल होऊन कटरहेडची तोंडं बुजवतो. पनवेल फ्लेक्शर या वाकलेल्या खडकाच्या पट्ट्यात लाव्हाचे थर कललेले आहेत आणि त्यांना छेदून डाइक, म्हणजे भेगांत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या भिंती, उभे आहेत. डाइकचा दगड आजूबाजूपेक्षा कठीण, कडा मात्र तडकलेल्या. बऱ्याचदा तो भिंतीसारखा पाणी अडवून धरतो: अलीकडे कोरडं, पलीकडे भरलेलं. कोरड्या बाजूने येणाऱ्याला पुढे काय आहे याचा पत्ता नसतो, म्हणून पुढे बोअर मारून पाहण्याला पर्याय नाही.

टीबीएमला खरा जाच मिश्र तोंडाचा. खालचा अर्धा भाग कातळ आणि वरचा कुजका दगड किंवा गाळ असला की काय होतं पाहा. कटरहेडवरचे डिस्क कटर (पोलादी चकत्या) दगडावर घासून फिरतात. वरच्या मऊ भागात त्यांना घासायला काही मिळत नाही, ते फिरायचे थांबतात आणि एकाच बाजूने घासून सपाट होतात. सपाट झालेला कटर खाली आला की कातळावर आपटतो, बेअरिंग जातं, शेजारच्या कटरवर भार वाढतो आणि मग ओळीने कटर जातात. ऑपरेटरला हे दिसत नाही. टॉर्कचे झटके, कंपनं आणि बाहेर येणाऱ्या मालातले चपटे तुकडे यांवरून ओळखावं लागतं.

हे कटर बदलायला माणसांना तोंडाशी जावं लागतं, आणि समुद्राखालचं सगळ्यात जोखमीचं काम हेच. यंत्र चालू असताना त्याच्या पुढच्या कप्प्यात बेंटोनाइट या चिकणमातीची स्लरी (पातळ राडा) दाबाने भरलेली असते, ती बाहेरच्या पाण्याला आणि मातीला रोखते. 13.6 मीटर व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ 145 चौरस मीटर. बाहेर 4 बार दाब असेल तर नुसता पाण्याचा तोल सांभाळायला सुमारे सहा हजार टन रेटा लागतो, दगड कापायचं बळ त्यावर. कटर बदलताना स्लरी उतरवून तिथे दाबाखालची हवा भरतात आणि माणसं एअरलॉकमधून (दाब हळूहळू बदलणाऱ्या बंद खोलीतून) आत जातात. दाब 3-4 बारच्या वर गेला की आत काम करायचा वेळ घटत जातो आणि बाहेर येताना दाब हळूहळू उतरवायला तास लागतात. म्हणून चांगला दगड दिसेल तिथे आधीच थांबून कटर बदलायचे, झिजेपर्यंत ताणायचं नाही. थांबायच्या जागा नकाशावर आधी ठरलेल्या असाव्यात.

मुंबईत यात आणखी एक गोष्ट येते. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत 4-5 मीटरचा फरक पडतो, म्हणजे दिवसातून दोनदा जवळपास अर्ध्या बारचा चढउतार. स्लरीचा दाब पाण्यापेक्षा साधारण 0.2-0.3 बारनेच जास्त ठेवतात. भेगाळ खडकात भरतीचा दाब खालपर्यंत पोचतो. दाब भरतीच्या हिशेबाने लावला आणि ओहोटीला कमी करायचा राहिला, तर कव्हर कमी असलेल्या जागी स्लरी वर फुटून खाडीच्या तळाशी निघते. मग दाब एकदम पडतो आणि समोरची माती आत येते. भरतीचं कोष्टक ऑपरेटरच्या केबिनमध्ये पाहिजेच.

यंत्र थांबलेलं असताना काय होतं याचा धडा डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट रेल्वे बोगद्याने दिला. 8 किलोमीटरच्या जुळ्या नळ्या, जमीन हिमनद्यांनी आणून टाकलेल्या मातीची, तीत मोठाले धोंडे, खाली मार्ल, म्हणजे चुनखडीमिश्रित चिकणमातीचा मऊ खडक. 14 ऑक्टोबर 1991 ला एक टीबीएम देखभालीसाठी उभं असताना समोरच्या मातीतून समुद्राला वाट फुटली. मशीनच्या भिंतीतलं दार वेळेत बंद करता आलं नाही आणि स्प्रोगो बेटाकडच्या दोन्ही नळ्यांत पाणी भरलं. तळावरचं भोक चिकणमातीने बुजवून पाणी उपसावं लागलं. नंतर तिथे समुद्राच्या तळातून विहिरी घेऊन खालच्या थरातला पाण्याचा दाबच उतरवला. समुद्र उपसल्यासारखं वाटतं, पण वरचा मातीचा थर पाणी अडवणारा असल्यामुळे ते जमलं. वरपर्यंत भेगा गेलेल्या कातळात ही युक्ती चालत नाही.

तिथे लागतं ग्राउटिंग, आणि त्यासाठी सेइकानकडे बघावं. तिथला खडक म्हणजे ज्वालामुखीचा दगड, मध्ये मऊ गाळखडक आणि आडवे गेलेले भ्रंश. पायलट बोगद्यात टीबीएम लावून पाहिलं, पण मऊ, दाबून येणाऱ्या जमिनीत ते सोडून द्यावं लागलं. मग ड्रिल, सुरुंग आणि शॉटक्रीट. रचना तीन बोगद्यांची: सगळ्यात पुढे पायलट, त्याचं काम जमीन तपासणं आणि पुढे पाणी वाहून नेणं, मुख्य बोगद्याला समांतर सर्व्हिस बोगदा, त्यातून आडवे जोड काढून मुख्य बोगद्याची अनेक तोंडं एकदम उघडता येतात, आणि शेवटी मुख्य बोगदा.

पुढे सरकायचं चक्र असं चालतं. आधी समोर लांब आडवं बोअर मारायचं. ते तोंडाशी निप्पल (पक्का बसवलेला पाइपचा तुकडा) आणि व्हॉल्व बसवूनच मारतात, कारण 24 बारचं पाणी लागलं तर रॉड बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर येतो. बोअरमधून मिनिटाला किती पाणी येतं ते मोजायचं. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तोंडावर काँक्रीटची भिंत घालून तिच्यातून छत्रीच्या काड्यांसारखी बाहेर पसरणारी भोकं पाडायची आणि सिमेंट व सोडियम सिलिकेटचं मिश्रण पाण्याच्या दाबाच्या दोन-तीन पट दाबाने भरायचं. सिलिकेटमुळे ते मिनिटांत घट्ट होतं, नाहीतर वाहत्या पाण्यात सिमेंट धुऊन जातं. बोगद्याभोवती त्रिज्येच्या 2-3 पटींपर्यंत कातळ असा बांधून घ्यायचा, वाईट जागी त्याहून जास्त. मग तपासणीची नवी भोकं पाडून पाणी पुन्हा मोजायचं. कमी झालं नसेल तर खणायचं नाही, परत ग्राउट. झालं असेल तरी ग्राउट केलेली सगळी लांबी खणायची नाही. शेवटचा तुकडा बूच म्हणून ठेवायचा आणि त्याच्या आडून पुढचं चक्र सुरू करायचं. घाईत बुचाचा तुकडा खाल्ला जातो, अपघात तिथे होतात.

एवढं करूनही सेइकानमध्ये चार वेळा मोठं पाणी आत आलं. सगळ्यात वाईट प्रसंग मे 1976 चा, होक्काइडोकडच्या योशिओका बाजूच्या सर्व्हिस बोगद्यात. पाणी मिनिटाला 70 घनमीटरच्या आसपास गेलं, म्हणजे सेकंदाला एक टँकरचा दहावा हिस्सा. बांध घालत माणसं मागे हटत गेली, पाणी मुख्य बोगद्यातही शिरलं. सर्व्हिस बोगदा 3 किलोमीटर आणि मुख्य बोगदा दीड किलोमीटर बुडाला. उपसून पूर्वस्थितीला यायला महिने गेले, आणि शेवटी ती वाईट जागा सोडून बगलेने वळण घेत पुढे जावं लागलं. खणकाम 1964 मध्ये कललेल्या शाफ्टपासून (जमिनीवरून खाली नेणाऱ्या विहिरीसारख्या वाटेपासून) सुरू झालं, पायलट बोगदा जानेवारी 1983 मध्ये जुळला, मुख्य बोगदा मार्च 1985 मध्ये, आणि गाड्या धावल्या 13 मार्च 1988 पासून. कामावर 34 जण गेले.

इंग्लंड-फ्रान्समधल्या चॅनल टनेलला त्या मानाने निसर्गाने साथ दिली. तिथे चॉक मार्ल हा मऊ, सहज कापला जाणारा आणि पाणी कमी सोडणारा थर जवळपास सलग मिळतो. बोगद्याचा मार्ग त्या थराच्या मागे मागे वळवला आहे. तरी फ्रान्सच्या काठाशी तो भेगाळलेला होता, म्हणून फ्रेंचांनी 10 बारपर्यंत दाब पेलणारी बंद तोंडाची यंत्रं घेतली. ब्रिटिश बाजूने कोरड्या थराच्या भरवशावर उघड्या तोंडाची यंत्रं नेली आणि काही किलोमीटर आत ओला, मोडका पट्टा लागला: खारं पाणी विजेच्या जोडण्यांवर, छतातून पडणारे तुकडे, महिनोन् महिने रखडलेलं काम. दोन्ही बाजू 1 डिसेंबर 1990 ला सर्व्हिस बोगद्यात भेटल्या तेव्हा आडवा फरक 358 मिलिमीटर होता. सर्वेक्षण इतकं काटेकोर जमलं, जमिनीचा अंदाज मात्र चुकला.

आता अस्तर. ठाण्याच्या बोगद्याची एक रिंग 9 सेगमेंट (तयार काँक्रीटचे वक्र तुकडे) आणि 1 किल्लीच्या तुकड्याची, रुंदी 2 मीटर, जाडी अर्धा मीटर. काँक्रीटमधून पाणी येत नाही, सांध्यातून येतं. एका रिंगला गोल सांधा 41 मीटर आणि आडवे सांधे 20 मीटर, मिळून 60 मीटरच्या वर. किलोमीटरला 500 रिंगा, म्हणजे 30 किलोमीटर सांधा. त्यात पाणी अडवणारी रबरी गॅस्केट, आणि ती दोन सेगमेंटमध्ये सारखी दाबली गेली तरच उपयोगाची. यंत्राच्या शेपटीतून रिंग बाहेर पडली की तिच्याभोवती पोकळी राहते, ती लगेच दोन घटकांच्या ग्राउटने भरतात. भरायला उशीर झाला तर वर काढलेले ते 87 टन रिंगला उचलतात, शेजारच्या रिंगशी काही मिलिमीटरची पायरी पडते, गॅस्केट एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि गळती कायमची. शेपटीशी पाणी अडवणाऱ्या तारेच्या ब्रशांमधलं ग्रीस वाचवणं ही तर अगदी ठरलेली चूक. ब्रश एकदा ग्राउटने भरून कडक झाले की पाणी मागून आत येतं.

सेइकानने अस्तर पूर्ण बंद केलेलं नाही. 24 बार पेलणारं अस्तर फार जाड होतं, म्हणून ग्राउट केलेल्या कातळातून पाणी झिरपू द्यायचं आणि उपसायचं असं ठरवलं. आजही मिनिटाला 20 टनांच्या आसपास पाणी काढतात. ते 240 मीटर चढवायला, पंपांची कार्यक्षमता धरून, एक मेगावॉटच्या वर वीज अहोरात्र लागते, त्यामुळे पर्यायी वीजपुरवठा हा तिथे चैनीचा भाग नाही. जोडीला खाऱ्या दमट हवेत रुळांचे बोल्ट आणि तारांचे आधार गंजणं आहेच.

आग आणि हवा यांची काळजी लांबीमुळे. चॅनलमध्ये दोन रेल्वे नळ्यांच्या मध्ये 4.8 मीटरची सर्व्हिस नळी, दर 375 मीटरला आडवा मार्ग, आणि गाडीपुढे दाबली जाणारी हवा दुसऱ्या नळीत सोडायला दर 250 मीटरला 2 मीटर व्यासाचे डक्ट. गाड्यांची उष्णता साचू नये म्हणून थंड पाण्याचे पाइपही फिरवले आहेत. नोव्हेंबर 1996 ला ट्रक नेणाऱ्या गाडीला आग लागली तेव्हा प्रवासी या सर्व्हिस नळीत येऊनच वाचले; त्या आगीत काँक्रीटचे थर मात्र सोलून निघाले. एकाच मोठ्या नळीत दोन ट्रॅक ठेवले की हवेला जागा मिळते, पण दुसरी सुरक्षित नळी उरत नाही. मग बाहेर पडायची वाट, धूर ओढणं आणि आगीला टिकणारं काँक्रीट यांचा विचार त्या एकाच नळीत करावा लागतो.

शेवटी माल. 145 चौरस मीटरचं तोंड एक मीटर पुढे गेलं की 145 घनमीटर दगड निघतो, सुटा झाल्यावर तो 220 च्या वर जातो. दिवसाला 10 मीटर काम म्हणजे 14 घनमीटरच्या डंपरच्या दीडशेहून जास्त फेऱ्या, त्याही स्लरीपासून माल वेगळा करून, निथळवून. विक्रोळीचा शाफ्ट भर शहरात आहे. रस्ते, पावसाळा, डंपरवरची वेळेची बंधनं यांतून माल उचलला गेला नाही आणि साठवायची जागा भरली, तर खाडीखाली सगळं सुरळीत असूनही यंत्र उभं राहतं.